बीएस्सीचं चौथं वर्ष तालुक्याच्याच कॉलेजात करावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीनं २०२४ मध्ये तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषय, केमिस्ट्री. कॉलेज म्हणतंय, चौथं वर्ष आम्ही इथंच सुरू करू, ऑनर्सची डिग्री घरबसल्या मिळेल. तुमचा भाऊ म्हणतो, दोन वर्षांवर डिप्लोमा मिळतो, तो घ्यावा आणि पोरीला कंपनीत लावावं. तिच्या मैत्रिणी एमपीएससीच्या मागे आहेत. आणि शेवटी तुम्ही स्वतः विचारलंय की या साध्या डिग्रीला आता काही किंमत उरली आहे का.

मी अशाच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आले. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर बसले, नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे पेपर आखताना झालेल्या चर्चा ऐकल्या आणि वर्गात त्यांचं पुढं काय झालं तेही पाहिलं.

आधी सरळ उत्तर देते. दोन वर्षांवर तिला बाहेर काढू नका. तीन वर्षं पूर्ण करू द्या. चौथं वर्ष त्याच कॉलेजात करण्याला माझा कल नाही. त्याऐवजी तीन वर्षांनंतर चांगल्या ठिकाणी दोन वर्षांची एमएस्सी करावी, आणि त्याची तयारी आत्तापासून सुरू करावी. अपवाद आहे, तो पुढं सांगते. आणि डिग्रीची किंमत म्हणाल तर ती कोणत्या कॉलेजात, कोणाच्या हाताखाली आणि किती प्रत्यक्ष काम करून घेतली यावर आज पूर्वीपेक्षा जास्त ठरते. नुसत्या कागदाची किंमत घसरली, ही तुमची शंका खोटी नाही. देशात उच्च शिक्षणात २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे ४.३३ कोटी विद्यार्थी होते. पदवीधर असणं ही एके काळी बातमी होती, आता ती पात्रतेची पहिली पायरी झाली आहे.

नवं धोरण केंद्रानं जुलै २०२० मध्ये मंजूर केलं. महाराष्ट्रात ते स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि तुमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. म्हणजे तुमच्या मुलीची तुकडी संलग्न कॉलेजांतली पहिलीच. तिच्या पुढे कोणी गेलेलं नाही, ज्याला विचारावं असा सीनियर नाही. प्राध्यापकही दर सत्राला नवा अभ्यासक्रम हातात पडल्यावर वाचतात आणि शिकवतात. तिचा गोंधळ होत असेल तर दोष तिचा धरू नका.

कागदावर रचना अशी आहे. दर सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. त्यात मेजर, मायनर, दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट, शेवटी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण. ४४ क्रेडिटवर सर्टिफिकेट, ८८ वर डिप्लोमा, १३२ वर डिग्री, १७६ वर ऑनर्स. मध्येच बाहेर पडायचं तर वर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तीन वर्षांत परत यावं लागतं आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवावं लागतं.

कल्पना वाईट नाही. केमिस्ट्रीच्या मुलीला थोडं अकाउंटिंग आलं, इतिहासाच्या मुलाला डेटा हाताळता आला, तर कोणाला नको आहे? पण तालुक्याच्या कॉलेजात हे सगळं हॉटेलच्या भिंतीवरच्या यादीसारखं होतं. यादीत पन्नास पदार्थ, आत विचारलं तर मिसळ आणि चहा.

याचं कारण मुलांना सांगितलं जात नाही, पण प्रत्येक स्टाफरूममध्ये माहीत असतं. त्याला आम्ही वर्कलोड म्हणतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असावं असा नियम आहे. अनुदानित जागा टिकते ती या तासांवर. तास कमी भरले तर जागा धोक्यात. त्यामुळं नवा अभ्यासक्रम लागू होताना मुलांना काय शिकायला आवडेल यापेक्षा कोणत्या विभागाचे तास वाचतील ही चर्चा जास्त झाली. भाषांच्या विभागांना सर्वांत जास्त झळ बसली. ओपन इलेक्टिव्हची निवड मुलांनी करायची, पण यादीत विषय कोणते ठेवायचे हे कोणाचे तास कमी पडताहेत यावर ठरायचं. मी सहकाऱ्यांना नावं ठेवत नाही. ज्याची नोकरी तासांवर टांगलेली आहे तो दुसरं काय करणार? पण तुमच्या मुलीनं 'मी हा विषय निवडला' असं म्हटलं, तर बऱ्याचदा तो तिच्यासाठी निवडून ठेवलेला असतो एवढं लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट याहून मोठी. अनेक विभागांत कायमस्वरूपी प्राध्यापक एखादाच उरला आहे. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेल्या नाहीत. बाकीचे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. ही मंडळी कमी शिकलेली नाहीत. नेट, सेट, पीएचडी झालेली आहेत, काही तर आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात. पण नेमणुकीचा आदेश निघेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, मानधनाची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही हे त्यांना माहीत नसतं. अशा माणसाकडून वर्षभराचा प्रोजेक्ट करून घ्यायची अपेक्षा कशी धरायची? प्रयोगशाळा सहायकांची भरतीही अशीच रखडलेली. मग द्रावणं कोण बनवणार? कधी प्राध्यापक, कधी मुलंच, कधी कोणीच नाही.

म्हणून मी पालकांना माहितीपत्रक बाजूला ठेवायला सांगते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघा, पण तिच्यावर फार विसंबू नका. कॉलेजात एक दिवस जा, आणि तोही प्रॅक्टिकलच्या वेळी. टायट्रेशनला प्रत्येकाला स्वतःचं ब्युरेट मिळतं की चौघांत एक? एकजण वाचन घेतो आणि बाकी तिघं वहीत उतरवतात का? जर्नलमधली वाचनं सगळ्यांची सारखी आहेत का? तराजू चालू आहे का? मागच्या वर्षीच्या मुलीला विचारा की सत्रात किती प्रॅक्टिकल खरोखर झाली. हे प्रश्न अवघड वाटतील, पण मुलीचं लग्न जमवताना आपण याहून खोदून चौकशी करतो.

आता चौथ्या वर्षाकडे येते. चौथ्या वर्षाच्या दोन तऱ्हा आहेत. एक साधं ऑनर्स, त्यात जास्तीचे पेपर असतात. दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त लागतात. रिसर्चसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, अट अशी की विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. आता तुमच्या कॉलेजातला केमिस्ट्री विभाग डोळ्यांसमोर आणा. कायम किती? त्यांपैकी गाइड किती? त्यांपैकी येत्या दोन वर्षांत निवृत्त होणारे किती? ही तीन उत्तरं लेखी नसली तरी चालतील, पण तोंडी नीट मिळाली पाहिजेत. 'होईल, करू, प्रस्ताव पाठवलाय' हे उत्तर नकारार्थीच धरा.

कॉलेज चौथ्या वर्षासाठी उत्सुक का, हेही समजून घ्या. वर्ष वाढलं की विद्यार्थी वाढतात, फी येते, आणि वर म्हटलेले तास वाढतात. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. संस्थेचं हित आणि तुमच्या मुलीचं हित इथं वेगळ्या वाटेनं जातं, इतकंच.

हिशेब असा. तीन वर्षांची डिग्री आणि दोन वर्षांची एमएस्सी, मिळून पाच. चार वर्षांचं ऑनर्स आणि एक वर्षाची एमएस्सी, मिळून तीही पाचच. वेळ वाचत नाही. फरक एवढाच की चौथं वर्ष तालुक्यात काढायचं की चांगल्या प्रयोगशाळेत. एक वर्षाच्या एमएस्सीत जाऊन मुलीला नवी जागा, नवी माणसं, नवी यंत्रं कळेपर्यंत वर्ष संपतं. दोन वर्षांत ती रुळते, प्रोजेक्ट करते, कॅम्पस मुलाखतींना बसते. ऑनर्स ७५ टक्क्यांनी झालं तर पुढं थेट पीएचडीला अर्ज करता येतो हे खरं आहे. पण ज्या मुलीनं एकही यंत्र स्वतः चालवलं नाही तिला थेट पीएचडीत कोणता गाइड घेईल?

आणखी एक सावधगिरी. चार वर्षांची पदवी ही या देशात पक्की बसलेली गोष्ट नाही. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये ती आणली आणि २०१४ मध्ये मागे घेतली, पुढं २०२२ च्या तुकडीपासून पुन्हा आणली. कर्नाटकानं नव्या धोरणाप्रमाणे आधी सुरुवात केली आणि २०२४ मध्ये तीन वर्षांवर परत आला. महाराष्ट्रात असंच होईल असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षांची डिग्री हातात असणारा माणूस कोणत्याही बदलात सुरक्षित राहतो.

अपवाद सांगते म्हटलं होतं. कॉलेजात केमिस्ट्रीचं एमएस्सी आणि संशोधन केंद्र आधीपासून चालू असेल, गाइड कायम असतील, आणि मुलीला घरच्या अडचणीमुळे बाहेर राहणं खरोखरच शक्य नसेल, तर तिथंच चौथं वर्ष करावं. 'शक्य नाही' आणि 'पाठवायची इच्छा नाही' यात फरक आहे. तो तुम्हीच ओळखायचा.

दोन वर्षांच्या डिप्लोम्याबद्दल फार लिहीत नाही, कारण फार लिहिण्यासारखं नाही. एमआयडीसीतल्या जाहिरातीत बीएस्सी किंवा एमएस्सी केमिस्ट्री लिहिलेलं असतं. डिप्लोमा हवा असला तर त्यांना पॉलिटेक्निकचा केमिकल इंजिनिअरिंगचा हवा असतो. बीएस्सी अर्धवट सोडल्याचा डिप्लोमा घेऊन मुलगी गेली तर तिला बारावी पास म्हणूनच पगार सांगतील. सरकारी भरतीतही बऱ्याचदा अट 'पदवीधर' अशीच असते. ही सोय ज्यांना अडचणीमुळं शिक्षण थांबवावं लागतं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासाठी ती चांगली आहे, कारण पूर्वी ते रिकाम्या हातानं जायचे.

भावाचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. पोरीला कंपनीची माहिती असावी, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्यासाठी तिला शिक्षण सोडायची गरज नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी आहे, म्हणजे १२० तास, रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. या पंधरा दिवसांचं काय होतं ते मी पाहिलंय. मामाच्या मेडिकल दुकानाचा शिक्का, ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबचं पत्र, एका फोटोवर काम भागलं. कॉलेजही फार विचारत नाही, कारण शेकडो मुलांना पाठवायला जागा कुठून आणायच्या? माझ्या मते सगळ्या नव्या रचनेत मुलांच्या खऱ्या फायद्याचे तास हेच आहेत, आणि तेच सर्वांत जास्त वाया जातात.

तुमच्या भागात साखर कारखाना असेलच. त्याची प्रयोगशाळा गाळपाच्या हंगामात चोवीस तास चालते. उसाच्या रसाचं ब्रिक्स, पोल, साखर उतारा, मळीची तपासणी, सगळं तिथं रोज होतं. शेवटचं सत्र आणि हंगामाचा उत्तरार्ध एकाच काळात येतो. तिथल्या लॅब इन्चार्जला दोन महिने आधी भेटा, प्राचार्यांचं पत्र घेऊन. कारखाना नसेल तर दूध संघ: फॅट, एसएनएफ, भेसळीच्या चाचण्या. तोही नसेल तर पाणी तपासणीची शासकीय प्रयोगशाळा, तिथं फ्लोराइड, नायट्रेट, टीडीएस बघतात. कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षण, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. यातलं एकही ठिकाण तुमच्या गावापासून एसटीच्या अंतराबाहेर नसेल. आणि पुढं कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर, वाळूज अशा कुठल्याही औषध-रसायन कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या मुलाखतीला बसल्यावर 'मी हंगामात रोज इतके नमुने केले' हे वाक्य तिच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त ऐकलं जाईल. तिथं पहिला प्रश्न बहुधा मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीत फरक काय असा असतो. मुलं पंचाहत्तर टक्के घेऊन येतात आणि इथं अडतात, कारण द्रावण त्यांनी कधी स्वतः बनवलेलंच नसतं.

एमपीएससीचं बोलू. मैत्रिणी करताहेत म्हणून नाही, पण मनापासून करायचं असेल तर करावं. मात्र एक लक्षात घ्या, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर, १७५० गुण, त्यात एक वैकल्पिक विषय. पर्यायांवर टिकमार्क करायची सवय आता पुरत नाही, सलग चार पानं लिहावी लागतात. हे लिहिणं कॉलेजच्या तीन वर्षांतच येतं, अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेऊन येत नाही. आमच्या वर्गांची हजेरी घसरण्याचं एक मोठं कारण या अभ्यासिकाच आहेत. प्रवेश तालुक्यात, मुक्काम पुण्यात पेठेत, आणि परीक्षेपुरतं गावी येणं. अशा मुलांची डिग्री नावाला होते, परीक्षेत यश मिळालं नाही तर हातात काहीच उरत नाही. तिला हवं असेल तर डिग्रीनंतर प्रयत्नांची संख्या आधी ठरवून द्या, आणि ती संख्या तिनं ठरवलेली असू द्या.

पैशाचा भाग. २०२४ मध्ये राज्यानं मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी. साध्या बीएस्सीला हा निर्णय लागू नाही, त्यामुळे 'मुलींचं शिक्षण फुकट झालं' या चर्चेवर विसंबू नका. एसटीचा मुलींचा मोफत पासही बारावीपर्यंतच. तालुक्याला रोज जाणाऱ्या मुलींच्या शिक्षणात हा खर्च फीपेक्षा जास्त नडतो, आणि त्याकडे धोरण आखणाऱ्यांचं लक्ष फार कमी जातं. शेवटची गाडी साडेपाचला असेल तर दुपारच्या प्रॅक्टिकलची मुलगी अर्धा प्रयोग सोडून निघते. मी कित्येकींना अशा निघताना पाहिलं आहे. वेळापत्रक करताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा, असं मी दर बैठकीत सांगायचे.

शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरता ना? तिथं अर्ज अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधारला जोडलेलं बँक खातं बंद असणं किंवा दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असणं. बँकेत जाऊन एकदा तपासा. उत्पन्नाचा दाखला नवा आहे का, नॉन-क्रीमीलेअरची मुदत आहे का, हे जूनच्या आधी पाहा, जुलैत तहसीलसमोर रांग लागते. दुसऱ्या शहरात एमएस्सीला गेली आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे स्वाधार, स्वयं किंवा सावित्रीबाई फुले आधार यांपैकी एखादी योजना राहण्या-जेवणाच्या खर्चाला हातभार लावते. त्या वर्षीची जाहिरात वाचून अटी बघा, त्या बदलत राहतात. कर्ज घ्यायची वेळ आली तर पीएम-विद्यालक्ष्मी बघा, विनातारण कर्ज मिळतं, पण ते ठरावीक नामांकित संस्थांतल्या प्रवेशालाच. म्हणजे पुन्हा तेच, कुठं प्रवेश मिळतो त्यावर सगळं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक विषय काढते, कारण आज तो टाळता येत नाही. मुलगी असाइनमेंट चॅटजीपीटीवरून लिहिते का? लिहीत असणार. सगळेच लिहितात. मला याचा आमच्या काही सहकाऱ्यांइतका धक्का बसत नाही, कारण आधी हीच असाइनमेंट झेरॉक्सच्या दुकानातून यायची, त्याआधी सीनियरच्या वहीतून. विद्यापीठांप्रमाणे ३० ते ४० टक्के गुण इंटर्नलचे असतात, त्यातले बरेचसे न वाचताच दिले जातात, मग मुलांनी तरी स्वतः का लिहावं? ही कॉपी मुलांची कमी आणि व्यवस्थेची जास्त आहे. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला या साधनाचा एक खरा उपयोग आहे. आमच्याकडं पाठ्यपुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत, परीक्षा पुन्हा इंग्रजीत. त्या इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ मराठीत समजावून मागायला ते उत्तम आहे. कितीही वेळा विचारलं तरी वैतागत नाही, जे मी छातीठोकपणे माझ्याबद्दल सांगू शकत नाही. सांभाळायचं ते इथं: सेंद्रिय रसायनात अभिक्रियेच्या पायऱ्या आणि रचना ते आत्मविश्वासानं चुकीच्या सांगतं, आणि संदर्भ मागितले तर कधी नसलेले लेखही देतं. म्हणून समजून घ्यायला वापरावं आणि उत्तर पुस्तकाशी ताडून बघावं. तपासणी सोपी आहे. असाइनमेंट मिटवून तिला म्हणा, यात काय लिहिलंय ते मला सांग. तुम्हाला केमिस्ट्री येत नसली तरी तिला येतं की नाही ते पाच मिनिटांत कळेल.

आणि मनाबद्दल. २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदींचा अहवाल सांगतो. हे आकडे फक्त कोटा आणि आयआयटीचे नाहीत. गावातून शहरात गेलेली, एटीकेटी लागलेली, घरी सांगायची हिंमत नसलेली मुलं त्यात आहेत. मुलगी पुढं बाहेर राहायला गेली तर निकालाच्या आधी एक वाक्य तिच्या कानावर घालून ठेवा, की विषय राहिला तरी घरी ये. झोप उडाली, जेवण तुटलं, फोन उचलायचं बंद झालं, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

आता कामाला लागायचं तर असं करा. या महिन्यात तिच्यासोबत बसून तिचं डिजिलॉकर आणि क्रेडिट बँकेचं खातं उघडा. झालेल्या सत्रांची क्रेडिट तिथं दिसतात का बघा. दिसत नसतील तर कॉलेजच्या परीक्षा विभागाकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हे निस्तरायला गेलात तर एमएस्सीच्या प्रवेशाची तारीख निघून जाईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन संस्थेत दोन महिने काम करायला देणारी, तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त फेलोशिप आहे. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत निघतात. तालुक्यातली मुलं भरतच नाहीत, कारण कोणी सांगत नाही. शिफारसपत्र लागतं, म्हणून एका तरी प्राध्यापकाशी तिची ओळख फक्त हजेरीपटापुरती नसावी.

तिसऱ्या वर्षात आयआयटी जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायचा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. जॅमच्या गुणांवर आयआयटीच नव्हे, एनआयटीतली एमएस्सीही मिळते. सोबत केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी, आणि आपल्या विद्यापीठांच्या विभागांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा. तिन्हींचा अभ्यास बराचसा एकच आहे. जॅमचे जुने पेपर फुकट मिळतात. आत्ताच एक घ्या आणि तिला सोडवायला द्या. दहा प्रश्नांतले दोन आले तरी घाबरू नका. दुसऱ्या वर्षात तेवढेच येतात. पण कोणते आठ आले नाहीत ते तिनं वहीत लिहून ठेवावं आणि ती वही घेऊन, कायम असो की सीएचबीवर, जे सर किंवा मॅडम प्रश्न विचारल्यावर थांबून उत्तर देतात, त्यांच्याकडं जावं.